बालाघाटची गिट्टी

गोंदियाहून बालाघाटला येणारी आगगाडी अवघे चाळीस किलोमीटर अंतर तोडते. परंतु तेवढ्या अवधीत एक राज्य मागे पडून दुसरे सुरू होते, स्थानकांच्या पाट्यांवरील मराठी लोप पावते, आणि भाताची खाचरे, तळी व मोहाची झाडे मात्र रुळांच्या दोन्ही बाजूंना जशीच्या तशी राहतात. राज्यपुनर्रचनेची वार्ता निसर्गाला कुणी कळविलेली दिसत नाही. वैनगंगा शिवनीकडून येते, बालाघाटला वळसा घालते आणि पुढे भंडारा-गडचिरोलीची होते. आम्हां इकडच्या मराठी घरांची स्थिती नेमकी याच्या उलट आहे. आम्ही तिकडून आलो आणि इकडचे झालो.

‘बालाघाट’ याचा अर्थ घाटावरचा प्रदेश. गंमत अशी की, हे नाव ज्या शहराला लाभले ते स्वतः घाटाखाली आहे. १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा बनविण्यात आला, तेव्हा घाटावरच्या बैहरच्या पठाराचे नाव साऱ्या जिल्ह्याने घेतले आणि जेथे कचेरी बसली त्या बूढा नावाच्या खेड्यालाही कालांतराने तेच चिकटले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. त्या दिवसापासून ती भोपाळ झाली. भोसल्यांच्या अमदानीत आलेली, पुढे रेल्वे, जंगलखाते आणि शाळाखाते यांच्या चाकरीत आलेली मराठी कुटुंबे येथेच राहिली. त्यांच्या शेजारची पोवारी बोली तर मराठी आणि हिंदी या दोहोंच्या ओसरीवर बसून बोलल्यासारखी वाटते.

ह्या शहराविषयी लिहिताना कान्हाचे वाघ आणि लांजीचा किल्ला यांच्याकडे लेखणी आपोआप वळते. आम्ही मात्र आज वाचकांना अशा ठिकाणी नेणार आहोत की जेथे कोणताही प्रवासी मुद्दाम जात नाही. ते ठिकाण म्हणजे जुन्या लोखंडाची गल्ली. महाराष्ट्रात जिला भंगारबाजार म्हणतात तिला आमच्याकडे कबाडी गल्ली म्हणतात. तेथवर जाण्यापूर्वी मात्र रेल्वेच्या रुळांपाशी थोडे थांबावे लागेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियापासून सातपुडा ओलांडून जबलपूरपर्यंत अडीच फूट रुंदीचा छोटा मार्ग टाकला. आमच्या पिढीचे बालपण त्या छोट्या गाडीच्या शिट्टीवर गेले. आता हा मार्ग जबलपूरपर्यंत मोठा झाला असून वरच्या तारेतून पंचवीस हजार व्होल्टची वीज वाहते. छोटी गाडी पाहावयाची असल्यास नागपूरला मोतीबागेतील संग्रहालयात जावे लागते. एक गोष्ट मात्र दोन्ही मार्गांना समान राहिली आहे, ती म्हणजे रुळांखालची खडी. आमच्याकडे तिला गिट्टी म्हणतात. अजस्र गाडी धडधडत जाते तेव्हा रूळ जागच्या जागी राहतात, ते या मुक्या दगडांच्या भाराने. इंग्रजीत या गिट्टीला ‘बॅलास्ट’ म्हणतात. रिकामे गलबत वाऱ्याने कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी जे ओझे घालतात, ज्याला आमच्या कोकणी खलाशांनी ‘नीरम’ असा नेटका शब्द दिला आहे, तेही बॅलास्टच. आणि आपल्या घरातल्या जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीवर जो जड काळा चोक बसविलेला असे, त्याचेही शास्त्रीय नाव बॅलास्ट. गलबत, रूळ आणि वीज या तिन्ही ठिकाणी काम एकच आहे. जे उधळण्याचा संभव आहे त्याला धरून ठेवावयाचे.

भाषेचा विद्यार्थी या नात्याने हा शब्द आम्हांस आवडला होता. त्याची खरी किंमत मात्र आमच्या शाळेतील अकरावीच्या दोन विद्यार्थ्यांमुळे कळली. एक मुलगा, एक मुलगी. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांना ‘टेस्ला कॉइल’ बनवावयाची होती आणि तिच्यासाठी लागणारे सारे सामान कबाडी गल्लीतून आणावयाचे होते. “सर, नवीन काहीच घ्यायचं नाही. सगळं कबाडात मिळतं,” असे त्या मुलीने मोठ्या अभिमानाने सांगितले. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला याहून गोड वाक्य कोणते वाटावे? तरीही होकार देण्यापूर्वी ते सामान पाहावे, म्हणून भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना बरोबर घेऊन आम्ही त्या गल्लीत गेलो.

वाचकांपैकी अनेकांनी टेस्ला हे नाव अलीकडे मोटारीमुळे ऐकले असेल. निकोला टेस्ला या विलक्षण बुद्धीच्या संशोधकाने १८९१ मध्ये हे यंत्र सिद्ध केले. त्याची रचना थोडक्यात अशी : एक ट्रान्सफॉर्मर घरगुती विजेचा दाब काही हजार व्होल्टपर्यंत चढवितो. ती वीज एका कपॅसिटरमध्ये साठते. दाब पुरेसा वाढला की दोन धातूंच्या टोकांमधील फटीत ठिणगी उडते आणि साठलेली वीज जाड तारेच्या मोजक्या वेढ्यांतून मागेपुढे झोके घेऊ लागते. त्यांच्या मध्यभागी बारीक तारेच्या सुमारे हजार वेढ्यांचा उंच नळा उभा असतो. त्याचा नैसर्गिक झोका आणि खालच्या वेढ्यांचा झोका अगदी जुळलेला असेल तर दाब वाढत वाढत जातो आणि नळ्याच्या शिखरावरून जांभळ्या ठिणग्यांच्या शाखा हवेत फुटतात. नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका आठवावा. नेमक्या वेळी दिलेले हलके धक्के त्याला फांदीपर्यंत नेतात, तसेच हे आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत अशी एक भव्य कॉइल लोकांना दाखविण्यासाठी ठेवलेली आहे. जगभर हौशी मंडळी घरी लहानमोठ्या कॉइल बनवितात, आणि त्यांचा कच्चा माल बहुधा भंगारच असतो.

आता गिट्टीचे काम येथे कोठे येते ते पाहू. फटीत ठिणगी उडते तेव्हा त्या क्षणापुरती ट्रान्सफॉर्मरची दोन्ही टोके जवळजवळ एकमेकांना जोडली जातात. शिवाय ठिणगीचा स्वभाव असा उफराटा की, तिच्यातून वीज जसजशी अधिक वाहते तसतसा तिचा अडथळा कमी होतो. म्हणजे तिला मोकळे सोडले तर ती मागत जाते आणि मिळत जाते, शेवटी तार जळते किंवा फ्यूज उडतो. ट्यूबलाइटमधील पेटलेल्या वायूचा स्वभाव हाच. म्हणून दोहोंना लगाम हवा.

हा लगाम साध्या रोधाचा का नसावा? हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चाळीस वॅटच्या जुन्या ट्यूबमधून सुमारे ०.४३ अँपिअर वीज वाहते आणि ट्यूबच्या दोन टोकांमध्ये शंभरच्या थोडे वर व्होल्ट पडतात. घरात २३० व्होल्ट आहेत. उरलेले सव्वाशे-एक व्होल्ट रोधात अडविले तर पन्नास वॅटहून अधिक वीज नुसती उष्णता होऊन जाईल. म्हणजे दिव्यापेक्षा लगामच अधिक खाणार! चोक हे काम दहा-पंधरा वॅटमध्ये करतो. लोखंडाच्या पातळ पत्र्यांभोवती तांब्याच्या तारेचे वेढे दिले की, बदलत्या विजेमुळे निर्माण होणारे चुंबकत्व त्या बदलालाच विरोध करते. वीज अडते, पण जळत नाही. सेकंदाच्या एका तुकड्यात चोक ऊर्जा साठवितो आणि पुढच्या तुकड्यात परत करतो.

हौशी मंडळींच्या युक्तीचे मर्म येथेच आहे. मोठा चोक विकत घ्यावयाचा तर महाग, आणि लहान गावात मिळतही नाही. पण ट्रान्सफॉर्मर म्हणजे दुसरे काय? पत्रे आणि तांब्याचे वेढेच. कॉइलला वीज पुरविणाऱ्या मुख्य ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, घरगुती दाबाच्या बाजूला, दुसरा एखादा जुना ट्रान्सफॉर्मर ओळीत जोडावयाचा, म्हणजे तोच लगाम होतो. वेल्डिंगच्या जुन्या यंत्राचाही असा उपयोग करतात. किंबहुना ते यंत्र मुळातच ठिणगीला आवर घालण्यासाठी बांधलेले असते. प्रत्येक तुकडा मात्र तोलून-मापून घ्यावा लागतो. लोखंडाची चुंबकत्व सोसण्याची एक मर्यादा असते. ती ओलांडली की लोखंड ‘भरते’ आणि लगाम ऐन वेळी तुटतो.

कबाडी गल्लीत हा सारा विजेचा इतिहास ढिगांच्या रूपाने पडलेला आहे. एलइडीचे दिवे आले आणि घरोघरचे तांब्याचे चोक येथे येऊन पडले. दुकानांवरच्या निऑनच्या पाट्या गेल्या आणि त्यांचे ट्रान्सफॉर्मर भंगारात निघाले. हे निऑनचे ट्रान्सफॉर्मर मोठे शहाणे. त्यांच्या लोखंडातच चुंबकत्वाला एक आडवाट ठेवलेली असते, त्यामुळे पंधरा हजार व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरची टोके एकमेकांना चिकटविली तरी तीस मिलिअँपिअरच्या आसपासच वीज वाहते. गिट्टी त्यांच्या पोटातच असते. परंतु पाट्याच गेल्यामुळे हे नग दुर्मिळ होत चालले आहेत. त्यांच्या जागी आता नागपूर-रायपूरकडून येणाऱ्या मोडक्या मायक्रोवेव्ह भट्ट्यांचे ट्रान्सफॉर्मर दिसतात. नारळाएवढा आकार, विटेहून जास्त वजन. आमच्या विद्यार्थ्यांनी नेमका असाच एक नग हेरून ठेवला होता.

गल्लीच्या तोंडाशी मोटारी व पंपांचे वाइंडिंग करणारे एक वृद्ध मिस्त्री बसतात. मूळचे तुमसरकडचे. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे वाकडी आहेत. तो नग मुलीच्या हातात पाहताच त्यांनी तो काढून घेतला आणि आम्हांस म्हणाले, “गुरुजी, पोरायले सांगा, ह्या जिनसेले हात लावू नोका. हा मारते तवा आवाज बी करत नाही.”

मिस्त्रींचे म्हणणे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी आकड्यांत मांडले, आणि तो भाग प्रत्येक घरातील तरुण मुलामुलींना वाचून दाखवावा अशी आमची विनंती आहे. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर सुमारे दोन हजार व्होल्ट देतो आणि अर्धा अँपिअर किंवा त्याहून अधिक वीज सहज पुरवितो. हृदयाची लय बिघडविण्यास याच्या दहाव्या भागाहूनही कमी वीज पुरेशी होते. घरातील गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण तीस मिलिअँपिअरला काम करते ते याच कारणाने. परंतु ते उपकरण येथे कामास येत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू घरच्या तारांपासून वेगळी असते. तिकडे माणूस मरत असला तरी इकडच्या तारांतील जमाखर्च जुळलेलाच दिसतो. भट्टीतील कपॅसिटर तर प्लग काढल्यानंतरही वीज धरून ठेवू शकतो. अमेरिकेत याच ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेची नक्षी जाळण्याचे वेड पसरले, त्यात अनेकांचे प्राण गेले, आणि तेथील लाकूड-कातकामाच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांतून तो प्रकार हद्दपार केला.

गिट्टी येथे माणसाला वाचवीत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ती ट्रान्सफॉर्मरला आणि फ्यूजला वाचविते. दहा अँपिअरवर आवरलेली वीज यंत्राच्या दृष्टीने सौम्य असेल. देहाच्या दृष्टीने ती प्राणघातकच आहे.

गल्लीच्या एका कोपऱ्यात खांबावरच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे रिकामे पिंप पडलेले होते. महाराष्ट्रात त्याला रोहित्र असे सुंदर नाव आहे. अकरा हजार व्होल्टचे हे रोहित्र उलटे जोडून प्रचंड कॉइल चालविणारे शौकीन परदेशांत आहेत. त्याला स्वतःचा असा आवर जवळजवळ नसतो, म्हणून त्याच्यापुढे बाहेरची गिट्टी लावणे अनिवार्य. आपल्याकडे मात्र खांबावरचे रोहित्र ही वीज कंपनीची मालमत्ता. तांब्यासाठी आणि तेलासाठी रोहित्रे फोडण्याच्या चोऱ्या देशभर होतात, आणि एका रोहित्रामागे साऱ्या शिवाराचे पंप बंद पडून पीक वाळते. काही जुन्या रोहित्रांच्या तेलात पीसीबी नावाची विषारी रसायनेही असत. त्यांची निर्मिती व व्यापार केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदेशाने बंद झाला आहे. अनोळखी जुने तेल म्हणूनच हाताला लागू देऊ नये.

त्या दिवशी परत येताना दोन्ही मुले गप्प होती. त्यांना नुसते ‘नाही’ म्हणून घरी पाठविणे आम्हांस सोपे होते. पण नाही म्हटलेली जिज्ञासा अनेकदा घराच्या गच्चीवर, रविवारी दुपारी, कुणी नसताना पुरी केली जाते. धोका तेथेच असतो. म्हणून शिक्षकांशी विचारविनिमय करून आम्ही त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवला : कॉइल नको, गिट्टीच दाखवा.

मिस्त्रींनी एका मेलेल्या ट्रान्सफॉर्मरची इनॅमल दिलेली तार आणि त्याचे पत्रे काढून दिले. मुलांनी पुठ्ठ्याच्या नळीवर त्या तारेचे हजाराच्या आसपास वेढे दिले. बारा व्होल्टचा बंदिस्त, चांगल्या प्रतीचा पुरवठा, त्याच्या ओळीत हे वेटोळे आणि मोटारसायकलचा लहान दिवा. पुरवठा बदलत्या विजेचा असावयास हवा, एवढीच अट. नळी रिकामी असताना दिवा उजळतो. पत्र्यांची जुडी हळूहळू आत सरकविली की दिवा मंदावत मंदावत विझू लागतो. बाहेर ओढली की पुन्हा उजळतो. तार तुटलेली नाही, बटण दाबलेले नाही, वेटोळे फारसे तापलेलेही नाही. लोखंडाच्या नुसत्या सान्निध्याने वीज आवरली जाते. त्याच दिव्याला बॅटरी जोडली की पत्रे आत असोत वा बाहेर, दिव्याच्या प्रकाशात फरक पडत नाही. एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला हा लगाम लागत नाही, हा धडा त्यातून आपोआप मिळतो.

हे करताना शिक्षकांनी एक सावधगिरी आवर्जून शिकविली, ती येथे नोंदवितो. वेटोळ्याऐवजी तयार ट्रान्सफॉर्मरच ओळीत लावण्याचा मोह त्या मुलाला झाला होता. परंतु ट्रान्सफॉर्मरला पुढचे-मागचे कळत नाही. त्याच्या बारा व्होल्टच्या बाजूने बारा व्होल्ट आत घातले तर दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या तारांवर दोनशेतीस व्होल्ट उभे राहतात. खेळण्यातल्या विजेने खेळताना माणूस न कळत खऱ्या विजेला हात लावून बसतो.

प्रदर्शनासाठी मुलांनी आपल्या टेबलामागे जिल्ह्याचा एक नकाशा लावला आणि त्यावर दोन ठिकाणे रंगविली. पहिले शहरालगतचे भरवेली. येथे मॉइलची भूमिगत खाण आहे आणि तिच्यातून विसाव्या शतकाच्या आरंभापासून मँगनीज निघत आले आहे. मँगनीज पोलादाला कणखर करते, आणि त्याचे एक रूप टॉर्चच्या सेलमध्ये बसते. दुसरे बैहरकडचे मलाजखंड. हिंदुस्तान कॉपरचा तेथील प्रकल्प १९८२ पासूनचा. देशातील तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण म्हणून ती ओळखली गेली आणि अलीकडे तेथे जमिनीखालूनही खनिज काढू लागले आहेत. शंभर किलो खनिजात तांबे किलोभराच्या आसपास. त्यासाठी डोंगर फोडावा लागतो, दगड पिठासारखा दळावा लागतो, आणि मग ते सांद्रित खनिज वितळविण्यासाठी दूर पाठवावे लागते. नकाशाखाली मुलीने लिहिले होते की, एका जुन्या चोकमधील तांबे वाचविले तर तेवढा डोंगर वाचतो. तांबे कितीही वेळा वितळविले तरी त्याचा गुण कमी होत नाही, ही गोष्ट लक्षात घेता तिचे म्हणणे योग्यच होते.

परीक्षकांनी बक्षीस दुसऱ्या एका शाळेच्या ठिणग्या उडविणाऱ्या देखाव्याला दिले. आमची मुले थोडी हिरमुसली. परंतु दुपारभर त्यांच्या टेबलापाशी उभे असलेले प्रेक्षक आम्ही पाहत होतो. पत्र्यांची जुडी स्वतः सरकवून पाहण्याची मुभा तेथेच तेवढी होती, कारण तेथे हात लावण्यात भय नव्हते. वारासिवनीहून आलेल्या एका शेतकऱ्याने ती सहा-सात वेळा आतबाहेर केली आणि मग आपल्या पंपाच्या मोटारीविषयी असे काही नेमके प्रश्न विचारले की, उत्तरासाठी मुलांना शिक्षकांना हाक मारावी लागली.

वाचकांपैकी कुणी कान्हाला जाण्यासाठी मुक्की फाटकाच्या वाटेने बालाघाटात उतरलेच, तर एखादा तास शहरासाठी जरूर ठेवावा. वैनगंगेचा काठ पाहावा, स्थानकावर उभे राहून रुळांखालची गिट्टी पाहावी आणि जमल्यास कबाडी गल्लीतून एक फेरी मारावी. आपापल्या गावी माळ्यावर जुने चोक, बिघडलेले स्टॅबिलायझर पडून असतील तर ते ओळखीच्या वाइंडिंगवाल्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्राकडे पोहोचते करावेत. मायक्रोवेव्ह भट्टी मात्र घरी उघडू नये, तशीच द्यावी. आणि घरातील एखादे मूल त्या जड नगाकडे टक लावून पाहत असेल तर त्याला रागावू नये. त्याच्या शेजारी बसावे, बारा व्होल्टचा दिवा जोडून द्यावा.

तो मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर मिस्त्रींनी आमच्या देखत छिन्नीने कापला. तांबे तराजूत गेले. पत्रे मुलांनी मागून घेतले आणि ते आता शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात, पुढच्या वर्गासाठी, दोरीने बांधून ठेवलेले आहेत.